काठावरची सात ठिकाणं

२३ मार्च, रविवार

आज पुन्हा तोंड उघडलं आणि काम गळ्यात पडलं. प्रार्थनेनंतरची ती पाणचट कॉफी तशीच ठेवून मी सरळ घरी आले असते तर काही बिघडलं नसतं. पण लायनेल स्परवे माझ्या शेजारी उभा राहून चर्चच्या व्हिकरना सांगत होता, की लॅमर ओढ्याच्या काठाची पाहणी झाली, तिथे पाणउंदीर नाहीत, सहा मेला फळ्या ठोकायला सुरुवात. लायनेल म्हणजे आमच्या फिशिंग क्लबचा चिटणीस. क्लबच्या म्हाताऱ्या सभासदांचे पाय चिखलात घसरतात, म्हणून पादचारी पुलापासून जुन्या गिरणीपर्यंतचा पलीकडचा सगळा काठ त्याला ओकच्या फळ्यांनी बंद करायचा आहे.

"पाहणी कोणी केली?" मी विचारलं.

"मीच. येताजाता बघतो की मी."

"गाडीतून?"

"मी गाडी हळू चालवतो, एनिड."

चौतीस वर्षं मी गावच्या शाळेत गणित शिकवलं. उत्तर चुकलं तर मला राग येत नाही. गणित न सोडवता खाली उत्तर ठोकून दिलेलं मात्र मला आजही खपत नाही. मी तिथल्या तिथे म्हणाले, की असं चालायचं नाही, पाहणी रीतसर झाली पाहिजे. झालं. नदी मंडळाची टॅम्सिन नावाची मुलगी बिस्किटांच्या टेबलामागे जणू दबा धरूनच बसली होती, ती वही घेऊन पुढे आली. तीस एप्रिलपर्यंत त्या काठात पाणउंदराचं एक जरी नांदतं बीळ सापडलं तर कायद्याने तिथे फळी ठोकता येत नाही. नाही सापडलं तर काठ लायनेलचा. तिला दोन माणसं हवी होती, दोन काठांवर दोन. एक मिळाला होता.

तो एक म्हणजे अँब्रोझ लव्हलॉक. ओढ्यापलीकडे माझ्या घरासमोर राहतात. गेली वीस वर्षं मी त्यांच्या बागेतलं खाजऱ्या झुडपांचं रान बघत चहा पिते आहे. आता त्यांच्याबरोबर महिनाभर सकाळी सातला चिखलात बसायचं. माझंच चुकलं.

२७ मार्च, गुरुवार

टॅम्सिनने शिकवणी घेतली. पाण्यालगत मूठभर रुंदीचं बीळ, बिळाच्या तोंडाशी कात्रीने कापल्यासारखं कुरतडलेलं गवत, बोटभर लांबीचे तिरके तोडलेले देठ, आणि लेंड्या. पाणउंदीर आपल्या हद्दीवर एकाच जागी रोज लेंड्या टाकतात आणि वर नाचून त्या तुडवतात. शेजाऱ्याला कळावं की इथे आपण राहतो. लेंडी सेंटिमीटरभर, दोन्ही टोकांना गोल, हिरवट. तिने बाटलीतून नमुना आणला होता.

"वास घेऊन बघा ना, मिस ट्रसलर. साध्या उंदराची घाण मारते, याची नाही."

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी चारचौघांत लेंडीचा वास घेतला. अँब्रोझनी बाटली घेतली ती बराच वेळ हातातच धरून बसले. हे गृहस्थ चाळीस वर्षं याच ओढ्याचे राखणदार होते. ओढ्यातलं पाणगवत कापायचं, ट्राउट मासे जपायचे, काठ राखायचा, हेच काम. मला वाटलं, निदान यांना तरी माहीत असेल.

"पूर्वी पाणउंदीर कुठे होते हो?" मी विचारलं.

"सगळीकडे."

"मग गेले कुठे?"

यावर ते बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांच्या पायात बिननाडीचे रबरी बूट होते. असल्या माणसाबरोबर काम करायचं आहे मला.

१ एप्रिल, मंगळवार

चौथी सकाळ. काही नाही. थंडी अशी, की फॉर्मवर अक्षर उमटेना. ओढा बघावा तर आरशासारखा स्वच्छ, तळाचा पांढरा खडूचा दगड आणि त्यावरचा प्रत्येक खडा मोजून घ्यावा. त्यात एक बगळा तासभर उभा राहिला आणि काही न खाता निघून गेला. त्याला निदान उडता येतं.

अँब्रोझ पलीकडे घडीच्या खुर्चीवर बसतात, थर्मासातून चहा ओततात, त्यात बिस्किट बुडवतात, ते तुटून आत पडतं, मग बोटाने काढतात. दर सकाळी. मी इकडून सगळं बघते, कारण दुसरं बघण्यासारखं काही नसतं. बिळं आहेत, पण सगळ्यांच्या तोंडावर कोळ्याची जाळी. जाळी असलेलं बीळ रिकामं, हे टॅम्सिनने सांगितलेलंच आहे. मी तशी नोंद केली आणि पुलावरून पलीकडे जाऊन अँब्रोझची सही घेतली. त्यांनी न वाचता सही केली.

लायनेल कुत्रं फिरवत आला. "काय एनिड, किती झाले?"

"पाहणी चालू आहे."

"छान छान. हवेत बसणं तब्येतीला चांगलं."

अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायचं तर परवापर्यंत मला पाणउंदीर असले काय नि नसले काय. आता असलेच पाहिजेत.

४ एप्रिल, शुक्रवार

नाही. पायाची बोटं सुजली.

८ एप्रिल, मंगळवार

सापडलं! सव्वासातला अँब्रोझनी पलीकडून हात केला. ओरडायचं नाही असा नियम मीच घालून दिलाय, त्यामुळे ते टोपी हलवत राहिले आणि मला वाटलं माशी हाकलताहेत. शेवटी पुलावरून गेले. विलोच्या झाडाच्या मुळाशी सपाट दगडावर अकरा लेंड्या, स्वच्छ, हिरवट, गोलसर. वास घेतला. (सवय झाली.) गवतासारखा, घाण नाही. पट्टीने मोजल्या. पुस्तकात दिल्यापेक्षा किंचित मोठ्या भरल्या. आमच्या ओढ्याला अन्नपाणी चांगलं आहे, तेव्हा इथले पाणउंदीर धष्टपुष्ट असणार, अशी टीप मी फॉर्ममध्ये जोडली.

"तुम्ही आज लवकर आलात वाटतं," मी म्हणाले. त्यांचे गुडघे ओले होते.

"झोप येत नाही हल्ली, बाई. घरात पाहुणे आहेत. नात सुट्टीवर गेली आणि तिचे गिनीपिग माझ्याकडे सोडून गेली. पहाटेपासून शिट्ट्या मारतात."

या माणसाच्या आयुष्यात काहीही सरळ नाही. पण आज मी त्यांना काही बोलले नाही. घरी आल्यावर दोन अंडी उकडून खाल्ली.

१२ एप्रिल, शनिवार

आज आणखी तीन ठिकाणं. म्हणजे एकूण चार. शिवाय लव्हाळ्याच्या देठांचे तुकडे, नऊ, ओळीत मांडल्यासारखे. कोनमापक घेऊन गेले होते. नऊच्या नऊ पंचेचाळीस अंशांत कापलेले, एकही अंशभर इकडेतिकडे नाही. माझ्या वर्गात इतका नेटका हात चौतीस वर्षांत तीन मुलांचा असेल. मी अँब्रोझना म्हणाले, "बघा, जनावराला जमतं." ते म्हणाले, "हो, बाई," आणि खिशातला चाकू मिटला. सफरचंद कापत असावेत.

त्यांचं एक मला कळत नाही. दहा वर्षांपूर्वी तंबाखू सोडली म्हणून गावभर सांगतात, आणि खिशात तंबाखूची डबी अजून आहे. आज ती दोनदा बाहेर काढून पुन्हा आत ठेवली. माणसाने सोडायचं तर नीट सोडावं.

सगळी ठिकाणं त्यांनाच सापडतात, हेही मनाला लागतं. मी जास्त वेळ बघते, माझी दुर्बीण चांगली आहे, आणि मी बिस्किटं बुडवत बसत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

सात ठिकाणं. अठ्ठावीस देठ. आणि पाणउंदीर? शून्य. मला एकदाही दिसला नाही. पाण्यात बुडी मारल्याचा डुब्ब आवाजसुद्धा नाही. मी आकडेमोड केली. एवढ्या लेंड्यांना निदान चार-पाच जनावरं लागतील आणि ती दिवसातून अमुक वेळा बाहेर यायला हवीत. मी सोळा तास बसले. गणित जुळत नाही.

"लाजरे असतात ते," अँब्रोझ म्हणाले.

"इतके?"

"तुमच्यापुढे कोणीही लाजेल, बाई."

यात हसण्यासारखं काय होतं मला समजलं नाही, पण ते स्वतःच हसले. उरले होते म्हणून मी त्यांना ईस्टरचे दोन गोड पाव दिले. उरले होते म्हणजे मी चार आणले होते आणि मला दोन पुरतात. दुकानात दोनसुद्धा मिळतात, पण ते ताजे नव्हते.

२० एप्रिल, ईस्टर

आज चर्चच्या दारातच लायनेलला गाठलं. सात ठिकाणं, म्हटलं, अठ्ठावीस देठ, सगळ्यांची मापं, सगळ्यांवर दोन सह्या. त्याचा चेहरा उतरला, आणि हे लिहायला नको, पण मला फार बरं वाटलं. तो म्हणाला, "माझ्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? मागच्या वर्षी एकाचं खुब्याचं हाड मोडलं, एनिड." तेही खरं आहे. म्हटलं, गिरणीच्या बाजूला पायऱ्या करा, तिथे काठ कठीण आहे. ते त्याने कागदावर लिहून घेतलं, पण जाताना म्हणालाच, "मंडळाची पोरगी येऊन खात्री करेल ना? नाहीतर लोक म्हणायचे, दोन म्हाताऱ्यांनी ठरवलं."

"अवश्य येईल," मी म्हणाले. अँब्रोझ मागे उभे होते. त्यांना म्हटलं, शुक्रवारी टॅम्सिन येते आहे, दाढी करून या. त्यांनी मान डोलावली आणि ईस्टरची अंडी न घेताच घरी गेले. नात आली असेल.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते लिहिताना दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं, रागाने.

टॅम्सिन सातला आली. पहिल्या ठिकाणी गुडघ्यावर बसली, गप्प. दुसऱ्या ठिकाणी बसली, गप्प. मी बाजूला फॉर्म घेऊन उभी, शाबासकी घ्यायला. तिसऱ्या ठिकाणी तिने एक लेंडी बोटांत मोडली, मग भिंगातून देठ पाहिले. चौथ्या ठिकाणी ती उठली.

"हे कोणी शोधलं, मिस ट्रसलर?"

"आम्ही दोघांनी," मी म्हणाले. मोठेपणा घ्यायला मी पुढे.

"हे देठ चाकूने कापलेत. दातांनी तोडले की ओरखडे राहतात, इथे एकही नाही. आणि लेंड्या गिनीपिगच्या आहेत. मी लहानपणी पाळले होते, मला ओळखता येतात."

मी अँब्रोझकडे बघितलं. ते पाण्याकडे बघत होते. खिशावर हात होता, त्या डबीवर. आणि मग मला सगळं एकदम दिसलं. ओले गुडघे, चाकू, पाहुणे, पंचेचाळीस अंश. वर्गाच्या मागच्या बाकावर कोण कॉपी करतंय हे मला फळ्याकडे तोंड करून कळायचं. इथे चार हातांवर कळलं नाही.

टॅम्सिन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली. "हे मी सोमवारी कचेरीत देणार होते. नंतर उघडकीला आलं असतं तर पुढे कुठल्याच ओढ्यावर आमच्या कागदावर कोणी विश्वास ठेवला नसता. जिथे खरंच पाणउंदीर आहेत तिथेसुद्धा." पुढची तीन ठिकाणं तिने पाहिलीही नाहीत. गाडीत बसून गेली.

अँब्रोझ म्हणाले, "बाई—"

मी म्हणाले, "तुम्ही माझ्याशी बोलू नका. उद्यापासून काठावर यायचं नाही. खुर्ची उचला."

त्यांनी खुर्ची उचलली. सातही कागदांवर माझी सही आहे. "अन्नपाणी चांगलं, म्हणून धष्टपुष्ट" हेही माझ्याच अक्षरात आहे.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी दहाला ते मागच्या दाराशी आले. टोपी हातात. मी आत या म्हटलं नाही.

"का केलंत?" मी विचारलं. "लायनेलला हरवायला?"

"नाही हो. लायनेलचं काय आहे."

"मग माझी फजिती करायला?"

"अहो बाई, नाही." ते पायपुसण्याकडे बघत राहिले. "मी इथे राखणदार म्हणून लागलो तेव्हा काठ कर्नलसाहेबांचा होता. त्यांना काठ कसा हवा, तर गालिच्यासारखा. पाणउंदीर बिळं पाडतात, काठ ढासळतो. तेव्हा राखणदाराने वसंतात सापळे लावायचे, हा रिवाजच होता. सगळ्याच ओढ्यांवर. मी हुशार होतो त्यात. एका वसंतात एकेचाळीस धरले. पुढच्या वर्षी बावीस. मग सहा. मग कर्नलसाहेबांनी मला शाबासकी दिली, की आता एकही नाही."

मी मनात बेरीज केली, एकोणसत्तर.

"ओढ्याच्या वरच्या अंगाला अजून थोडे आहेत म्हणतात. काठ मोकळा राहिला तर कधीतरी खाली उतरतील, असं वाटलं. फळ्या ठोकल्या की संपलं. मी एक्याऐंशीचा आहे, बाई. नंतर त्या फळ्या कोण काढणार?"

"म्हणून खोटं करायचं?"

"हो," ते म्हणाले. "खरं काही नव्हतंच ना हाताशी."

मी दार लावलं. आपटलं नाही, लावलं. मग दिवसभर कशातच लक्ष लागेना. राग त्यांच्यावर आहे, माझ्यावर आहे आणि त्या कर्नलवर आहे, आणि तो मरून तीस वर्षं झाली.

२८ एप्रिल, सोमवार

बादली आणि खुरपं घेऊन गेले. खोटं पसरून ठेवायचं आणि तसंच सोडायचं, हे माझ्याच्याने होत नाही. सातही ठिकाणं धुऊन काढायची, मग बुधवारी कोऱ्या फॉर्मवर शून्य लिहून द्यायचं आणि लायनेलला काठ घेऊ द्यायचा, असं ठरवलं होतं.

पाच झाली. सहावं ठिकाण गिरणीच्या अलीकडे, पडलेल्या ओंडक्यावर. खुरपं लावणार तोच थांबले. अँब्रोझच्या लेंड्या चिरडून सपाट झालेल्या, कोणीतरी त्यावर थयथयाट केल्यासारख्या. आणि वर ताज्या, लहान, हिरव्यागार, दहा-बारा.

माझा जो पारा चढला! बादली तिथेच टाकून तडक त्यांच्या घरी गेले आणि दार ठोठावलं.

"पुन्हा? लाज वाटत नाही? आणि या वेळी तुडवूनसुद्धा ठेवल्यात!"

ते जेवत होते. हातात पाव. "मी शुक्रवारपासून काठावर पाय ठेवला नाही, बाई. तुम्हीच सांगितलंत ना."

"मग लेंड्या कुठून आल्या?"

"माझ्याकडे नाहीत हो. गिनीपिग मंगळवारीच परत गेले. बघा हवं तर." आणि त्यांनी खरोखर मला आत नेऊन रिकामा पिंजरा दाखवला. धुऊन पुसून ठेवला होता.

मी पिंजऱ्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पाव खाली ठेवला, अगदी हळू. मी घरी येऊन टॅम्सिनला फोन केला. तिने उचलला नाही. पाच वेळा केला.

२९ एप्रिल, मंगळवार

टॅम्सिन आली, पण चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं, की आता या म्हातारीचं नवीन काय. मी म्हटलं, मी काही सांगत नाही, तू स्वतः बघ. ती ओंडक्याशी वाकली. मग ओल्या गवतात सरळ पालथी पडली आणि काठाखाली डोकं घातलं. तिचे फक्त बूट दिसत होते. असे चार-पाच मिनिटं बूट.

"मिस ट्रसलर," खालून आवाज आला. "बीळ आहे. जाळी नाही. तोंडाशी गवत कुरतडलंय."

"चाकूने?"

"दातांनी. दोन दातांचे ओरखडे दिसतायत." ती वर आली तेव्हा केसांत चिखल होता. "मादी असणार. विणीच्या दिवसांत त्यांना हद्दीत परका खपत नाही. इथे तिला सगळीकडे दुसऱ्याच कोणाच्या लेंड्या दिसल्या, आणि तिचं डोकं फिरलं."

पहिल्यांदाच या ओढ्यावर माझ्यासारखा विचार करणारं कोणीतरी निघालं.

मग मी जुने फॉर्म काढले आणि तिच्यासमोर सातही नोंदींवर लाल शाईने काट मारली. कारण लिहिलं. अँब्रोझचं नाव गाळता आलं असतं, टॅम्सिन म्हणालीसुद्धा, पण मी गाळलं नाही. माझंही गाळलं नाही. खाली नवीन नोंद केली, बीळ एक, नांदतं, आणि या वेळी सही फक्त टॅम्सिनची. खोटं करणाऱ्याचं आणि खोटं न ओळखणारीचं नाव खऱ्या नोंदीवर नको.

"पुरेल का एक?" मी विचारलं.

"कायद्याला एक पुरतं."

३० एप्रिल, बुधवार

कागद कचेरीत गेले. संध्याकाळी लायनेल आला. त्याने काट मारलेलं सगळं वाचलं आणि हसून हसून लाल झाला. "गिनीपिग! एनिड, तू, आणि गिनीपिग!" आता हे गावभर होणार. पुढच्या नाताळापर्यंत मला ऐकून घ्यावं लागणार. मी ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, गिरणीकडच्या पायऱ्यांचं माप काय धरायचं, आणि आम्ही स्वयंपाकघरात बसून ते काढलं. फळ्यांची मागणी तो रद्द करतो आहे. वाईट माणूस नाही, फक्त गाडीतून बघतो.

३ मे, शनिवार

पाहणी संपली, आता जायचं कारण नाही. तरी साडेसहाला जाग आली आणि स्टूल घेऊन गेले.

सात वाजून पाच मिनिटांनी ती बाहेर आली. काही गाजावाजा नाही. बिळातून एक तपकिरी गोळा निघाला, पाण्याकाठी बसला, कान जवळजवळ नाहीतच, नाक बोथट. लव्हाळ्याचा देठ ओढून तोडला, दोन्ही हातांत आडवा धरला आणि एका टोकापासून खात सुटली. कुरुम कुरुम, या काठापर्यंत ऐकू येत होतं. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं, पण लिहून घेतलं नाही. मग डुब्ब, आणि पाण्यावर फक्त वर्तुळं.

मी मान वर करून समोर बघितलं, सांगायला. समोर कोणी नव्हतं. खुर्ची मीच उचलायला लावली होती. स्वतःचाच असा राग आला, की काय सांगू.

पुलावरून गेले. अँब्रोझनी दार उघडलं तेव्हा अर्ध्या तोंडाला दाढीचा फेस होता.

"दिसली," मी म्हणाले. "अकरा मिनिटं."

"काय करत होती?"

"खात होती. दुसरं काय करणार?"

"कशी?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, तोंड खाली घालून? की हातात धरून?"

माझा संयम सुटला. "चाळीस वर्षं तुम्ही या ओढ्यावर काढलीत, डझनांनी धरलेत, आणि मला विचारता कशी खाते?"

त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला.

"सापळ्यात ते खात नाहीत, एनिड."

मी त्यांच्या गालावरच्या फेसाकडे बघितलं. म्हटलं, "तो फेस पुसा. आणि बूट घाला, मी इथे दिवसभर उभी राहणार नाही."

माझ्या काठावरून नीट दिसतं, म्हणून त्यांना इकडे आणलं आणि स्टुलावर बसवलं. मी बादली पालथी घालून बसले. पाऊण तास काही नाही. मग ती आली. देठ तोडला, दोन्ही हातांत धरला आणि खायला लागली. एक संपवला, दुसरा घेतला. अँब्रोझ पुढे वाकले होते, कोपरं गुडघ्यांवर. त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं, पार हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि उरलेला फेस कानाजवळ तसाच होता. मी त्यांना काहीच म्हटलं नाही.